झाडे वाचली, हक्क कुणाला मिळाला?

शिबिरात जंगलाचा किंवा झाडांचा विषय काढला की मागच्या रांगेतून एक प्रश्न हमखास येतो. "दादा, इथे माणसाला माणूस म्हणून जगू देत नाहीत आणि तुम्ही झाडांचे काय घेऊन बसलात?" प्रश्न रास्त आहे. तो विचारणाऱ्या पोराच्या घरी सातबारा नसतो, शेत नसते, बांध नसतो आणि बांधावरचे झाडही नसते. मग झाड वाचवा म्हणणारा माणूस त्याला परका वाटला तर दोष त्याचा नाही.

पण मित्रांनो, महाडला बाबासाहेब पाण्यासाठी गेले होते का? २० मार्च १९२७ ला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले ते तहान भागवायला नव्हे. सार्वजनिक म्हणवणाऱ्या तळ्यावर आमचाही हक्क आहे, हे सिद्ध करायला घेतले. तळे गावाचे होते, पण गावात आपण धरलेलो नव्हतो. जंगलाचा इतिहास याच नजरेने वाचला तर तो आपलाच विषय निघतो. म्हणून या लेखात देशातल्या सर्वांत गाजलेल्या वृक्षबचाव लढ्याकडे, उत्तराखंडातल्या चिपकोकडे, जरा वेगळ्या बाजूने पाहू.

शाळेच्या पुस्तकात चिपको दोन ओळींत संपतो. बायकांनी झाडांना मिठ्या मारल्या, झाडे वाचली. सोबत दाढीवाल्या सुंदरलाल बहुगुणांचा फोटो. या दोन ओळींत काय काय गाळले आहे ते बघा.

सुरुवात अंगूच्या झाडापासून झाली. अंगू म्हणजे इंग्रज ज्याला ॲश म्हणतात ते झाड. डोंगरात उंचावर, थोड्या जागी आणि सावकाश वाढणारे. लाकूड हलके आणि चिवट. गढवालातला शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या बैलाचे जू आणि शेतीची अवजारे याच लाकडाची करत आला. १९७३ साली गोपेश्वरच्या दशोली ग्राम स्वराज्य संघाने अवजारे बनवण्यासाठी अंगूची थोडी झाडे मागितली. वनखात्याने नकार दिला आणि सल्ला दिला की चीडचे लाकूड वापरा. चीडचे जू बैलाच्या मानेवर ठेवून बघायला साहेब स्वतः काही येणार नव्हते. पुढे कळले की त्याच मंडलच्या जंगलातली अंगूची झाडे अलाहाबादच्या सायमंड्स नावाच्या कंपनीला देऊन टाकली आहेत. कशासाठी, तर खेळाचे साहित्य बनवायला. शेतकऱ्याच्या जुवाला लाकूड नाही, शहरातल्या साहेबाच्या रॅकेटला आहे! २४ एप्रिल १९७३ ला मंडलला लोक ढोल वाजवत जमले आणि कंपनीची माणसे हात हलवत परत गेली. मग कंपनीला केदार खोऱ्यातल्या फाटा-रामपूरची झाडे दिली गेली. लोक तिथेही पोचले.

इथे थोडे थांबू. अंगूच्या लाकडाचे जू कोण घडवत होते? उत्तराखंडात सुतारकाम, लोहारकाम, गवंडीकाम परंपरेने शिल्पकारांकडे. शिल्पकार म्हणजे तिथले अनुसूचित जातीचे लोक, ज्यांना त्याआधी डोम म्हणून हिणवले जाई. आणि ते जू बैलाच्या मानेवर चढवून नांगर कोण धरत होते? डोंगरातल्या वरच्या ब्राह्मण घरांत नांगराला हात लावणे कमीपणाचे मानत. तिथे नांगर धरणारा हलिया बहुधा शिल्पकारच असायचा. शेत दुसऱ्याचे, बैल दुसऱ्याचे, घाम याचा. ढोल-दमाऊ वाजवणे हेसुद्धा परंपरेने औजींचे काम, आणि औजीही शिल्पकारांतलेच. ज्या अवजारासाठी चिपको उभा राहिला त्या अवजाराशी सर्वांत जवळचे नाते असलेला समाज चिपकोच्या कथेत कुठे आहे? शोधून पाहा. पुस्तकांत 'गावकरी' असा शब्द सापडेल. बस्स.

'गाव' या शब्दाबद्दल बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत काय भूमिका मांडली हे या ब्लॉगच्या वाचकांना सांगायची गरज नाही. गावाचे गोडवे गाणाऱ्यांना त्यांनी त्या दिवशी खडे बोल सुनावले होते. पर्यावरणाच्या इतिहासात मात्र तेच गोडवे अजून जसेच्या तसे चालू आहेत.

आता रैणी. चमोली जिल्ह्यात, नीती खोऱ्याच्या वाटेवर, ऋषिगंगेच्या काठी वसलेले छोटे गाव. इथल्या बायकांचे आणि त्यांच्या पुढारी गौरा देवींचे नाव जगभर झाले. गौरा देवी भोटिया समाजातल्या, तोलछा. १९६७ पासून भोटिया ही अनुसूचित जमात. हे लोक तिबेटशी लोकर आणि मिठाचा व्यापार करत. १९६२ च्या चीन युद्धानंतर सीमा बंद झाली आणि व्यापार एका झटक्यात बुडाला. युद्धानंतर सीमेपर्यंत रस्ते झाले. रस्त्यावरून लष्कर आले, पण त्याच रस्त्यावरून लाकडाचे ठेकेदारही आले, कारण पूर्वी जिथे पोचता येत नव्हते त्या जंगलापर्यंत आता ट्रक जाऊ लागला. जुलै १९७० मध्ये अलकनंदेला महापूर आला, बेलाकुची नावाची वस्ती वाहून गेली. वरची जंगले उघडी पडली की खालची गावे वाहतात, हे लोकांनी त्या पुरात डोळ्यांनी पाहिले.

१९७४ च्या सुरुवातीला रैणीच्या जंगलातली सुमारे अडीच हजार झाडे लिलावात गेली. भागात जागृती झाली होती. चंडीप्रसाद भट्ट आणि त्यांचे कार्यकर्ते फिरत होते, कम्युनिस्ट कार्यकर्ते गोविंदसिंह रावत पत्रके वाटत होते. मग प्रशासनाने डाव टाकला. १९६२ नंतर लष्करासाठी घेतलेल्या जमिनींची कित्येक वर्षे अडलेली भरपाई नेमकी २६ मार्च १९७४ ला चमोलीत वाटायचे ठरले. पुरुष तिकडे गेले. इकडे ठेकेदाराचे मजूर आणि वनखात्याची माणसे जंगलाकडे निघाली. एका मुलीने त्यांना पाहिले आणि धावत जाऊन गौरा देवींना सांगितले. गौरा देवी महिला मंगल दलाच्या अध्यक्षा होत्या, तरुणपणीच विधवा झालेल्या, शाळेची पायरी न चढलेल्या. हातातली कामे टाकून सत्तावीस बायका आणि मुली जंगलात गेल्या. दारू प्यालेल्या एकाने बंदूक दाखवली. गौरा देवी समोर उभ्या राहिल्या. हे जंगल आमचे माहेर आहे, असे त्या म्हणाल्या. रात्रभर बायकांनी पहारा दिला. जंगलाकडे जाणाऱ्या वाटेवरचा सिमेंटचा भाग तोडून टाकला, म्हणजे मजुरांनी पुन्हा वर येऊ नये. झाडे वाचली.

पुढे दिल्लीचे वनस्पतिशास्त्रज्ञ वीरेंद्र कुमार यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिच्या अहवालावरून रैणी आणि अलकनंदेच्या वरच्या पाणलोटात सुमारे १,२०० चौरस किलोमीटर क्षेत्रावर दहा वर्षे तोडबंदी झाली. हा फार मोठा विजय होता, तो कमी लेखायचे कारण नाही.

पण विजयानंतरचे बघा. भट्टांना १९८२ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला, बहुगुणांना २००९ साली पद्मविभूषण. दोघेही ब्राह्मण कुटुंबांतले. बहुगुणांबाबत न्यायाने सांगायचे तर तरुणपणी त्यांनी टिहरीत दलित विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह चालवले आणि त्यापायी स्वजातीयांचा रोषही घेतला. भट्टांचे संघटनकौशल्य नसते तर मंडल घडले नसते. व्यक्ती म्हणून दोघांचाही आदर ठेवावा. मुद्दा व्यक्तीचा नाहीच. एका अनुसूचित जमातीच्या विधवेने बंदुकीसमोर उभे राहून जे केले त्याचा अर्थ सांगायचे काम दुसऱ्यांकडे गेले. तिला 'वनदेवी' आणि 'माता' केले गेले. देवी केली की तिला समितीत बसवावे लागत नाही, जंगलाच्या कारभारात खुर्ची द्यावी लागत नाही. फुले-सावित्रीमाईंचा वारसा सांगणाऱ्यांना ही युक्ती ओळखता आली पाहिजे. गौरा देवी १९९१ साली गेल्या.

चिपकोतली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी घटना रैणीची नाही. ती डुंगरी-पैंतोलीची आहे, १९८० सालची. याही गावाजवळ बांजचे म्हणजे ओकचे जंगल होते. बांजची पाने जनावरांना चारा, वाळके लाकूड सरपणाला, आणि बांजच्या मुळाशी पाण्याचे झरे टिकतात असा तिथल्या लोकांचा अनुभव. बागायत खात्याला तिथे बटाट्याच्या बियाण्याचे फार्म करायचे होते. बदल्यात गावाला रस्ता, शाळा, दवाखाना, वीज. पंचायतीतल्या पुरुषांनी होकार दिला. बायका म्हणाल्या, नाही. चारा-लाकडासाठी आणखी चार-पाच मैल चालायचे कुणाला, तर बायकांना. पुरुषांनी त्यांना धमकावले, तरी बायका जंगलात जाऊन उभ्या राहिल्या आणि तोड थांबवली. इथे समोर परका ठेकेदार नव्हता. समोर आपलाच नवरा, दीर, सरपंच होता. एकाच घरात विकासाचे दोन हिशेब निघाले. 'गावाची संमती' म्हणजे गावातल्या कुणाची संमती, हा प्रश्न त्या अडाणी म्हणवल्या जाणाऱ्या बायकांनी पंचायतीच्या तोंडावर विचारला. आणि गावात शाळा-दवाखाना आणायला जंगलच का द्यावे लागते, हाही प्रश्न त्यात होताच. शहरातल्या वस्तीला असला सौदा कुणी घालत नाही.

त्याच वर्षी, त्याच पहाडात, आणखी एक घटना घडली. तिचे नाव चिपकोच्या पुस्तकांत सापडत नाही. ९ मे १९८० ला अल्मोडा जिल्ह्यातल्या कफल्टा गावातून शिल्पकारांची वरात चालली होती. सवर्णांच्या वस्तीतून, देवळासमोरून जाताना नवरदेवाने डोलीतून खाली उतरावे असा हुकूम झाला. वरातीने नकार दिला. त्या दिवशी चौदा शिल्पकार मारले गेले. जीव वाचवायला ज्या घरात शिरले तेच घर पेटवून त्यातले काही जण जाळले गेले. आरोपी खालच्या न्यायालयांतून सुटले. शिक्षा व्हायला १९९७ साल उजाडले आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. शिल्पकारांच्या नवरदेवाने पालखीत बसायचे की नाही यावर पहाडात त्याआधी साठ वर्षे झगडा चालू होता. जयानंद भारतींनी डोला-पालखीची चळवळ उभी केली ती याच हक्कासाठी.

कफल्टा कुमाऊंत, रैणी गढवालात. चिपकोच्या कार्यकर्त्यांचा कफल्ट्याशी काही संबंध होता असे कुणी म्हणत नाही, मीही म्हणत नाही. पण जगभरचे अभ्यासक १९८० साली हिमालयातल्या गावाला निसर्गाशी एकजीव झालेला समाज म्हणून गौरवत होते. त्याच हिमालयातल्या एका गावात डोलीतून न उतरल्याबद्दल माणसे जाळली जात होती. झाडाभोवती हात धरून उभ्या राहिलेल्या साखळीत शिल्पकाराचा हात कुणी धरला असता का, हा प्रश्न चिपकोच्या इतिहासकारांनी स्वतःला विचारलाच नाही. विचारणारे कोण होते? इतिहास लिहिणाऱ्यांत आपण नव्हतो.

आता कायद्याकडे येऊ, कारण खरी मेख तिथे आहे. ब्रिटिशांनी १८७८ च्या वनकायद्याने जंगले राखीव केली. त्याविरुद्ध कुमाऊंत १९२१ साली असंतोष इतका भडकला की लोकांनी राखीव जंगलांना आगी लावल्या. त्यातून १९३१ साली वन पंचायती आल्या, पण त्यांच्यावर जमीन असलेल्या जातींचा वरचष्मा राहिला. चिपको हा या शंभर वर्षांच्या भांडणातला एक टप्पा होता. लोकांची मूळ मागणी झाडे तोडूच नका अशी नव्हती. ठेकेदार हटवा, जंगलावर पहिला हक्क स्थानिकाचा माना, आम्हाला जू करायला लाकूड द्या, ही मागणी होती. अंगूची गोष्ट आठवा.

सरकारने काय दिले? ठेकेदाराच्या जागी १९७५ साली वन निगम आणले. १९८० साली वन संवर्धन कायदा आला. १९८१ पासून १,००० मीटरच्या वर हिरवी झाडे तोडायला पंधरा वर्षे बंदी झाली. कागदावर झाडांचा विजय. पण हक्क मागणाऱ्याला हक्काऐवजी बंदी मिळाली. पुढे याच कायद्याच्या नावाखाली खेड्यांचे छोटे रस्ते आणि पाणीयोजना अडू लागल्या, तेव्हा १९८८-८९ मध्ये त्याच पहाडात लोकांनी 'पेड काटो' आंदोलन केले. झाडाला मिठी मारणारा पहाड पंधरा वर्षांत झाड तोडायला निघाला, हे ऐकून शहरातले निसर्गप्रेमी हळहळले. लोक वेडे झाले नव्हते. पंधरा वर्षे त्यांचा अर्ज एकाच विषयाचा होता, उत्तर मात्र भलत्याच अर्जाचे येत होते.

रैणी-लाताच्या लोकांवर तर याहून वाईट वेळ आली. १९८२ साली नंदादेवी राष्ट्रीय उद्यान झाले. त्यांची पिढीजात कुरणे, औषधी वनस्पती गोळा करायच्या वाटा, गिर्यारोहकांसोबत मिळणारी मजुरी, सगळे बंद. १९८८ साली जागतिक वारसा असा शिक्का बसला. ज्यांनी जंगल वाचवले तेच जंगलात घुसखोर ठरले. १९९८ साली लाता गावच्या लोकांनी आंदोलन केले. त्याचे नाव 'झपटो छीनो'. चिपको म्हणजे बिलगा, झपटो छीनो म्हणजे झडप घाला, हिसकावून घ्या. चोवीस वर्षांत एका समाजाच्या भाषेत एवढा फरक पडतो, त्याचे कारण समाजशास्त्राच्या पुस्तकात शोधायची गरज नाही.

आणि विरोधाभास बघा. गुराख्याला ज्या खोऱ्यात बंदी, त्याच खोऱ्याच्या तोंडाशी रैणीत १३.२ मेगावॅटचा ऋषिगंगा जलविद्युत प्रकल्प उभा राहिला. सुरुंग लावून खडक फोडल्याबद्दल गावकऱ्याने २०१९ साली उच्च न्यायालयात दाद मागितली होती. ७ फेब्रुवारी २०२१ ला पर्वताचा कडा कोसळून ऋषिगंगेत लोंढा आला. प्रकल्प वाहून गेला, खाली तपोवनचे धरण उद्ध्वस्त झाले, दोनशेहून अधिक माणसे मेली किंवा बेपत्ता झाली. त्यांत बहुतेक मजूर. त्यानंतर या प्रकल्पांविरुद्ध काही लोक, त्यांत रैणीचेही, पुन्हा उत्तराखंड उच्च न्यायालयात गेले. जुलै २०२१ मध्ये याचिका फेटाळली गेली आणि पाच याचिकाकर्त्यांना प्रत्येकी १०,००० रुपये दंड झाला. त्याच पावसाळ्यात गावाखालची जमीन खचली आणि गौरा देवींचा पुतळा तिथून हलवावा लागला.

हे सगळे आपल्या महाराष्ट्राशी कुठे जुळते? गायरानाशी. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांचे सत्याग्रह केले, लाखो लोक तुरुंगात गेले, तेव्हा पडीक आणि जंगलखात्याच्या जमिनी भूमिहीनांना द्या ही त्यातली ठळक मागणी होती. १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची दलित-आदिवासींची गायरान अतिक्रमणे नियमित करायचे ठरले. प्रत्यक्षात किती जणांच्या नावे सातबारा झाला, हे मराठवाड्यातल्या कार्यकर्त्याला विचारा. आणि याच गायरानावर वनीकरणाचे फलक लागतात तेव्हा खड्डे नेमके आपल्या माणसाच्या उभ्या पिकात खणले जातात. तिथे झाड हे हुसकावण्याचे हत्यार होते. म्हणून झाड दिसले की आपल्या पोराला संशय येतो.

दुसरीकडे आरे. ४ ऑक्टोबर २०१९ ला मुंबई उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री मेट्रोच्या कारशेडसाठी करवती चालू झाल्या. ७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने थांबवेपर्यंत दोन हजारांहून अधिक झाडे आडवी झाली होती. २९ जणांना अटक झाली. ॲड. प्रकाश आंबेडकर तिथे गेले तर पोलिसांनी त्यांनाही ताब्यात घेतले. टीव्हीवर 'मुंबईचे फुफ्फुस' हा शब्द खूप चालला. आरेतल्या पाड्यांवरचे वारली, जे त्या जागेला दूध वसाहतीच्याही आधीपासून ओळखतात, ते बातमीत फार तर रंगीत पार्श्वभूमी म्हणून आले. रैणीचीच पद्धत.

उपाय म्हणून २००६ चा वनहक्क कायदा सांगितला जातो. कायदा चांगला आहे, गडचिरोलीच्या मेंढा-लेखाने २००९ साली सामूहिक वनहक्क मिळवून दाखवला आहे. पण आपल्या माणसाने त्यातली अट वाचली पाहिजे. अनुसूचित जमातीच्या माणसाला १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा दाखवावा लागतो. जंगलात राहणारा दलित मात्र 'इतर पारंपरिक वननिवासी' या रकान्यात जातो आणि त्याला तीन पिढ्यांचे म्हणजे ७५ वर्षांचे वास्तव्य सिद्ध करावे लागते. ज्याला गावाबाहेर ठेवले, ज्याच्या आजोबाचे नाव कुठल्या दप्तरात आडनावासकट लिहिले गेले नाही, त्याने १९३० सालचा पुरावा आणायचा. ग्रामसभेच्या वनहक्क समितीत आदिवासींना दोन तृतीयांश आणि स्त्रियांना एक तृतीयांश जागा आहेत, त्या असायलाच हव्यात. अनुसूचित जातींसाठी त्यात एकही जागा राखीव नाही. तुमच्या गावात अशी समिती असेल तर तिच्या सदस्यांची यादी ग्रामपंचायतीत मागा. बौद्ध वस्तीतले नाव त्यात आहे का, आणि बायकांची जी नावे आहेत त्या कधी बैठकीला बसल्या आहेत का, हे त्यांनाच जाऊन विचारा.